एकोणसाठ दात

पाणीपट्टीची खिडकी नंबर तीन.
तिच्यासमोरच्या भिंतीवर आभाळ टांगलेलं आहे
पितळेचं.
तास, तिथी, नक्षत्र, राहू-केतूचा एक काळा काटा,
सूर्याच्या कड्यावर दोन बारीक खाचा,
एक नोव्हेंबरातली, एक जानेवारी सरतानाची,
अंबाबाईच्या पायाशी ऊन येतं ते दिवस.
रांगेतली माणसं एवढंच बघतात
की जेवणाची सुट्टी व्हायला किती वेळ आहे.

चावी माझ्याकडे. दर सोमवारी
बावीस फेरे, डाव्या हाताने,
उजवा शिक्के मारून दुखतो म्हणून.

एकोणीस साली शाहूपुरीत पाणी शिरलं
तेव्हा घड्याळाची वजनं पाण्यात उतरली.
बुडालेलं लोखंड हलकं होतं
हे शाळेत शिकले होते, खरं वाटलं नव्हतं.
घड्याळ बुडालं नाही,
नुसतं त्याला ओढणारं काही उरलं नाही.
पहाटे तीन चाळीसला थांबलं.
बाहेर षष्ठी, आत चतुर्दशी.

पुढे साडेतीन वर्षं फाइल फिरली.

मग उद्यमनगरातून दस्तगीर मुल्लाणी आले,
उसाच्या चरकाचे गिअर कापणारे.
जाळी काढली, फुंकर मारली.
गाळ निघाला, एक वाळलेलं झुरळ,
चौऱ्याहत्तर सालचं एस.टी.चं तिकीट.
मग चंद्राचं चाक मांडीवर घेऊन
खडूने खूण करून मोजत बसले,
बाळाचे दात मोजावेत तसे.
"साठ," म्हणाले. पुन्हा मोजले. "साठच की वो."
"मग?"
"एकोणसाठ पायजेत. दोन म्हैन्यांचे.
कुणीतरी एक दात जास्तीचा घातलाय."

रेकॉर्डात पावती सापडली, कसर लागलेली.
'चंद्राचे चाक नवीन करणे, दात ६०, रुपये अकरा.'
सही लागत नाही.

म्हणजे इतकी वर्षं
आमचा चंद्र महिन्याला अर्धा दिवस रेंगाळत होता,
अडीच वर्षांनी अमावास्येला पुनवेसारखा हसत होता
आणि पाच वर्षांतून एकदाच खरा ठरत होता,
नगरसेवकासारखा.
आणि मी, दर संकष्टीला
गच्चीवर जाऊन खरा चंद्र बघून जेवणारी,
सोमवारी इथे येऊन ह्याला चावी देत होते.
कधी ताडून पाहिलं नाही.

दस्तगीरभाई त्या कारागिराला हसले नाहीत.
"साठाला भाग जातो," म्हणाले,
"दोनानं, तिनानं, चारानं, पाचानं. मशीन खूश.
एकोणसाठ कशानंच तुटत न्हाई.
त्याच्याकडं तेवढ्या भोकांची प्लेट नसणार.
माझ्याकडं बी न्हाई."

तरी केलं.
कागदाची पट्टी कोऱ्या चाकाभोवती गुंडाळली,
पट्टीवर एकोणसाठ रेघा,
आणि कानशीने एकेक दात.
अकरा दिवस. रोजे चालू होते.
मी म्हटलं, "ईदेला उपयोग होईल की ह्याचा."
"ह्यो बघून ईद होत न्हाई, बाई.
ते नदीकडं तोंड करून डोळ्यानं बघावं लागतं.
ह्यो आपला साक्षीला."

बसवलं त्या दिवशी अमावास्या होती.
तबकडीवरचा चंद्र सगळा काळा.
रांगेतले शिरगुप्पे म्हणाले,
"एवढे पैसे घालून चंद्र लावलाच न्हाई व्हय?"
साठ दातांचं चाक बिलांच्या गठ्ठ्यावर ठेवून
मी त्यांची पावती फाडली, शिक्का मारला.
"लावलाय," म्हटलं. "परवा या.
नखाएवढा दिसेल."

दस्तगीरभाई शिडीवरून उतरत होते,
ओठ कोरडे, हात तेलाचे.
"परवा," स्वतःशीच म्हणाले,
आणि जिन्याच्या खिडकीतून
मावळतीकडे बघत राहिले.